ईसीजी वाचताना या चुका टाळा: लहरींच्या आधी कागद पाहा

ईसीजीचा कागद हातात आला की नजर थेट उंचसखल लहरींवर जाते आणि पहिली चूक तिथेच होते, कारण कडेला बारीक अक्षरांत छापलेले दोन आकडे न पाहताच वाचन सुरू झालेले असते. प्रमाणित आलेखात कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो आणि १ मिलिव्होल्टला रेघ १० मिलिमीटर वर चढते. म्हणून एक लहान चौकट म्हणजे ०.०४ सेकंद आणि पाच लहान चौकटींची मोठी चौकट म्हणजे ०.२० सेकंद. यंत्र चुकून ५० च्या वेगावर राहिले असेल, तर दोन ठोक्यांमधले अंतर दुप्पट दिसते आणि मिनिटाला ८० ठोके देणारे हृदय हिशेबात ४० वर येते. उंचीचे प्रमाण निम्मे ठेवलेले असेल, तर जाड झालेल्या हृदयस्नायूच्या उंच लहरीही सर्वसाधारण वाटतात. आलेखाच्या एका टोकाला असलेली आयताकृती खूण दहा लहान चौकटी उंच आहे ना, एवढे तपासले की ही शंका मिटते.

त्यानंतरच्या सर्वाधिक चुका इलेक्ट्रोड लावताना होतात, आणि माझ्या मते त्यांच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. हातापायांवर चार आणि छातीवर सहा अशा दहा इलेक्ट्रोडमधून बारा लीड, म्हणजे हृदयाकडे बारा बाजूंनी पाहणारे आलेख, मिळतात. समजा, लीड १ मध्ये पी (वरच्या कप्प्यांची), क्यूआरएस (खालच्या कप्प्यांची) आणि टी (खालचे कप्पे पूर्ववत होण्याची) या तिन्ही लहरी उलट्या आहेत आणि एरवी खाली झुकणारी एव्हीआर लीड सरळ वर आली आहे. अशा वेळी दुर्मीळ आजाराचे नाव मनात आणण्याआधी उजव्या आणि डाव्या हाताच्या वायरींची अदलाबदल झाली आहे का, हे पाहावे. हृदय जन्मतः उजव्या बाजूला असतानाही लीड १ अशीच दिसते. पण तेव्हा छातीच्या सहा लीडमधील आर लहर, म्हणजे क्यूआरएसचे वर जाणारे टोक, व्ही-१ पासून व्ही-६ कडे जाताना खुजी होत जाते. नुसत्या वायरी बदललेल्या असतील, तर ती नेहमीप्रमाणे वाढत जाते. वायरी नीट लावून आलेख पुन्हा काढणे हाच त्यावरचा उपाय. चुकीचा आलेख मनातल्या मनात सरळ करून वाचण्याची हौस बाळगू नये.

व्ही-१ आणि व्ही-२ हे इलेक्ट्रोड अंदाजाने एक-दोन बरगड्या वर चिकटवण्याची सवय तर फारच रुळलेली आहे. गळ्याखालच्या खळग्यापासून बोट खाली सरकवत नेले की छातीच्या मधल्या हाडावर एक आडवा उंचवटा लागतो; त्याच्या बाजूला दुसरी बरगडी असते आणि तिच्या खालची फट ही दुसरी. तिथून आणखी दोन फटी मोजल्या की चौथी मिळते आणि या दोन इलेक्ट्रोडची जागा तिथेच, मधल्या हाडाच्या दोन्ही कडांना असते. ते वर लागले तर आर लहर इतकी लहान होऊ शकते की कधीही न आलेला हृदयविकाराचा जुना झटका कागदावर उमटल्यासारखा वाटतो.

थरथर, थंडीची हुडहुडी, सुकलेली जेली किंवा सैल क्लिप यांमुळे आलेख बिघडतो. हाताच्या कंपाने उमटलेली दंतुर रेघ कधीकधी जीवघेण्या जलद लयीसारखी दिसते. त्या दंतुरपणातून ठरावीक अंतराने अरुंद क्यूआरएस डोकावत असतील, दुसऱ्या लीडमध्ये लय स्वच्छ असेल आणि नाडी शांतपणे लागत असेल, तर दोष नोंदीत आहे. मात्र रुग्ण निपचित असेल आणि नाडी लागत नसेल, तर कागद बाजूला ठेवून त्याच्याकडे धावावे.

हृदयाची गती काढण्यासाठी ३०० ला दोन ठोक्यांमधल्या मोठ्या चौकटींनी भागण्याची रीत सोपी आहे, पण ती नियमित लयीलाच लागू पडते. एट्रियल फिब्रिलेशनसारख्या, म्हणजे वरचे कप्पे नुसते थरथरत असतानाच्या, अनियमित लयीत दहा सेकंदांच्या पट्टीतील क्यूआरएस मोजून सहाने गुणावे. उलट, श्वास घेताना गती किंचित वाढणे आणि सोडताना कमी होणे हे तरुणांत स्वाभाविक असते. त्याला आजार ठरवू नये.

यंत्राने माथ्यावर छापलेले निदान हा आणखी एक सापळा आहे. पीआरचे, म्हणजे पी लहरीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसपर्यंतच्या अंतराचे, ०.१२ ते ०.२० सेकंद किंवा क्यूआरएसची ०.१२ सेकंदांखालील रुंदी यंत्र बऱ्यापैकी मोजते. पण समोरच्या माणसाच्या छातीत कळ येते आहे की तो नियमित तपासणीला आला आहे, हे त्याला ठाऊक नसते. ‘असामान्य’ या शब्दाने घबराट होते, परंतु त्याहून घातक ठरतो तो छातीत दुखत असताना आलेला ‘सामान्य’ हा शेरा. झटक्याच्या सुरुवातीला आलेख निर्दोष असू शकतो; म्हणून दुखणे चालू असेल तर रुग्णालयातच थांबून थोड्या थोड्या वेळाने ईसीजी आणि काही तासांच्या अंतराने ट्रोपोनिनची (हृदयस्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्तचाचणी पुन्हा करतात. हृदयाच्या मागच्या भिंतीचा झटका तर नेहमीच्या बारा लीडमध्ये थेट दिसत नाही. व्ही-१ ते व्ही-३ मधील दबलेली एसटी रेघ, म्हणजे क्यूआरएस आणि टी यांमधला भाग, संशय जागवते आणि मग पाठीवर व्ही-७ ते व्ही-९ लावावे लागतात.

एका चाचणीचे उत्तर दुसरीकडून मागण्याची चूकही सर्रास होते. इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफी तपासणीत झडपा आणि स्नायूंचे आकुंचन दिसते, रक्तवाहिन्यांतील अडथळे दिसत नाहीत. सरकत्या पट्ट्यावर चालवून केलेल्या स्ट्रेस टेस्टमध्ये हृदयाची अपेक्षित गती गाठण्याआधीच चालणे थांबले, तर ‘दोष आढळला नाही’ या शेऱ्याला फारसे वजन राहत नाही. पंधरवड्यातून एकदा होणारी धडधड २४ तासांच्या होल्टरमध्ये, म्हणजे अंगावर बाळगायच्या ईसीजी नोंदयंत्रात, सापडली तर तो नशिबाचा भाग समजावा. अशा तक्रारीसाठी अधिक दिवस चालणारे नोंदयंत्र मागावे.

जुना ईसीजी सोबत न नेणे ही सगळ्यांत सहज टाळता येणारी चूक आहे, कारण रुंद क्यूआरएस किंवा उलटी टी लहर काल आली की दहा वर्षांपासून आहे, यावर पुढचे उपचार अवलंबून असतात. ईसीजीचा उष्णतासंवेदी कागद हळूहळू फिका पडतो; त्यामुळे त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी आणि तीवर तारीख, वेळ आणि आलेख काढताना छातीत दुखत होते की नव्हते, हे पेनाने लिहून ठेवावे.