परवडणाऱ्या घरांचा आराखडा आणि भाडे साहाय्य: नगरपालिकेने सुरुवात कुठून करावी

परवडणाऱ्या घरांचा आराखडा करताना अनेक नगरपालिका पहिल्याच बैठकीत किती घरे बांधायची हा आकडा ठरवून मोकळ्या होतात आणि पुढची सारी टिपणे त्या आकड्याच्या समर्थनासाठी लिहिली जातात. हा क्रम उलटा करावा. हद्दीतील कोणत्या उत्पन्नाची कुटुंबे आज किती भाडे देतात आणि ते दिल्यावर त्यांच्या हाती काय उरते, हे आधी शोधावे. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंतचे भाडे परवडते असे मानण्याची पद्धत रूढ आहे. मात्र अमेरिकेत सार्वजनिक घरांच्या भाड्यासाठी १९६९ मध्ये हीच मर्यादा २५ टक्के ठेवली होती आणि १९८१ मध्ये ती ३० वर नेण्यात आली, यावरून ती प्रशासनाने सोयीसाठी आखलेली रेघ आहे हे ध्यानात येईल. तळच्या उत्पन्नगटासाठी म्हणूनच हिशेब दुसऱ्या टोकाकडून मांडावा: अन्न, औषधे, प्रवास आणि मुलांचे शिक्षण यांचा खर्च वजा करून जे उरेल, तेवढेच भाडे त्या कुटुंबाला झेपते.

माहिती गोळा करताना केवळ प्रतीक्षा यादीवर विसंबू नये, कारण कंटाळून अर्जच न केलेली माणसे तिच्यात नसतात आणि गाव सोडून गेलेल्यांची नावे तिच्यात तशीच राहतात. भाड्याची सरासरीही फसवी असते. जुन्या भाडेकरूंच्या कमी भाड्यामुळे ती खाली येते, तर नव्याने घर शोधणाऱ्याला अलीकडच्या करारांच्या दराने पैसे मोजावे लागतात.

यानंतर जमीन. या टप्प्यावर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण इथली चूक पुढे दुरुस्त होत नाही. नगरपालिकेच्या मालकीच्या प्रत्येक भूखंडाची नोंदवही तयार करून त्यात आजचा वापर, पाणी व सांडपाण्याची जोडणी आणि सार्वजनिक वाहतुकीपासूनचे अंतर लिहावे. शक्य तेथे भूखंड विकण्याऐवजी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावा. विक्रीतून तिजोरीत एकदाच पैसा येतो, पण त्या जागेवरील भाड्यावर पुढे काही बोलण्याचा अधिकार संपतो. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराने १९२३ मध्ये घरांवर चढत्या दराचा गृहनिर्माण कर बसवून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली, आणि आजही त्या शहराच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरे आहेत. ही मालकी टिकली म्हणूनच शंभर वर्षांनंतरही तिथल्या भाड्यांवर शहराचे वजन आहे.

खासगी प्रकल्पांत काही घरे परवडणाऱ्या दरात ठेवण्याची अट घालायची असेल, तर टक्केवारीपेक्षा मुदतीवर अधिक भांडावे. अमेरिकेतील माँटगोमेरी काउंटीने १९७४ मध्ये अशी अट आणली, पण विक्रीच्या घरांवरील दरनियंत्रण सुरुवातीला केवळ ५ वर्षांचे होते. मुदत सरली की घरे बाजारभावाने विकता येत. पुढे ही मुदत १० आणि २००५ पासून ३० वर्षांची करावी लागली. अट मालकी हक्काच्या दस्तातच नोंदवावी, म्हणजे खरेदीदार बदलला तरी ती सुटत नाही.

भाडे साहाय्य हे घरबांधणीला पर्याय समजू नये. रिकामी घरे पुरेशी असतील तिथे ते झटपट उपयोगी पडते. टंचाई असेल तिथे मात्र अनुदानाचा काही भाग वाढीव भाड्याच्या रूपाने घरमालकाच्या खिशात जातो. म्हणून अनुदानाची कमाल मर्यादा संपूर्ण शहरासाठी एकच न ठेवता विभागवार ठरवावी, नाहीतर लाभार्थी स्वस्त, दूरच्या वस्त्यांतच ढकलले जातात. अमेरिकेच्या भाडे व्हाउचर योजनेत, म्हणजे खासगी घराच्या भाड्याचा काही भाग सरकार भरते त्या योजनेत, लाभार्थ्याला घर शोधण्यासाठी सुरुवातीला किमान ६० दिवस मिळतात, तरीही अनेकांना त्या मुदतीत घर मिळत नाही. अडते कुठे, तर अनामत रकमेवर, घरमालकाच्या नकारावर आणि घराच्या तपासणीला लागणाऱ्या विलंबावर. त्यामुळे अनामतीसाठी वेगळा निधी ठेवावा, तपासणीची मुदत दिवसांत लिहून द्यावी आणि भाडे ठरलेल्या तारखेला घरमालकाच्या खात्यात जमा करावे. पालिकेचे पैसे थकतात अशी ख्याती एकदा झाली की पुढचा घरमालक दार उघडत नाही. तात्पुरते उत्पन्न बुडालेल्या कुटुंबाची थकबाकी एकदा भागवणे, हे त्याला बेघर झाल्यावर निवारा देण्यापेक्षा सहसा स्वस्त पडते, तेव्हा अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष हवे.

आराखडा मंजूर झाल्यावर वार्षिक अहवालाचा नमुनाही त्याच ठरावाला जोडावा. नवी किती घरे उभी राहिली यासोबत, पाडकामामुळे किंवा मुदत संपल्यामुळे परवडणारी किती घरे हातची गेली हेही त्यात असावे. किती कुटुंबांना मंजूर साहाय्य वापरता आले नाही आणि कशामुळे, याचा एक रकाना ठेवावा. त्यात ‘इतर कारण’ हा पर्याय मात्र देऊ नये, कारण तो दिला की अडचणीची सारी प्रकरणे त्यातच जाऊन बसतात.