साईटची सेफ्टी तपासायला गेलात तर फाईल शेवटी उघडा

नाशिकला सध्या जिकडे बघावं तिकडे काम चालूय, पाथर्डी फाटा म्हणा, म्हसरूळ म्हणा, त्यात 2027 चा सिंहस्थ तोंडावर म्हणून घाई वेगळीच. साईटची सेफ्टी सिस्टीम तपासायला गेलं की आधी ऑफिसात चहा आणि जाडजूड फाईल पुढे येते. चहा घ्या, फाईल राहू द्या, आधी फिरून या.

जायचं ते सकाळी काम सुरू व्हायच्या आधी, न सांगता. टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू करण्याआधी मजुरांना धोके समजावून सांगायची छोटी बैठक, खरंच होतो का तेव्हाच कळतं. झाला की एखाद्या बिगाऱ्याला बाजूला घेऊन विचारा, दादा आज काय सांगितलं? मुकादमासमोर नको, तिथे सगळे "हो साहेब"च म्हणतात. कोणी पेठ-सुरगाण्याचा, कोणी बिहारचा, टॉक त्यांना कळला का हेही त्यातच समजतं.

मग खोदकाम. काळी माती पाण्यानं फुगते, सुकली की भेगाळते, म्हणजे मे महिन्यात उभी टिकलेली बाजू जुलैत टिकेल असं नाही. खड्डा 1.5 मीटरपेक्षा खोल असेल तर उतार किंवा शोअरिंग (बाजू ढासळू नये म्हणून लावलेला आधार) हवंच, आणि काढलेली माती काठावरच ढीग मारून ठेवलीय का तेही बघा, बहुतेक वेळा असतेच. परांचीवर बेल्टवाला माणूस दिसला म्हणून खुश होऊ नका, हुक कशाला अडकवलाय ते बघा, मी सुतळीनं बांधलेल्या बांबूला अडकवलेला बघितलाय. डक्ट, लिफ्टचा खड्डा, उघड्या वायरी, हे चालता चालता दिसतं.

आता फाईल. भिंतीवर आयएसओ 45001 चं, म्हणजे कामाच्या जागेच्या सेफ्टी सिस्टीमचं, सर्टिफिकेट असेल, 4 मार्चच्या सेफ्टी डेचे फोटो पण असतील, असू द्या. साईटवर दिसलेली एकच चूक धरा, समजा जिन्याला कठडा नाही, आणि कागदात तिचा माग काढा. रिस्क असेसमेंटमध्ये ती आहे का, कोणी नोंदवली, दुरुस्ती कोणाच्या नावावर टाकली, कधी केली, की "क्लोज्ड" लिहून मोकळे झाले? नियर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेले अपघात, त्यांचं रजिस्टर कोरं असेल तर साईट सेफ आहे असं समजू नका, बहुतेक सांगितलं की हजेरी कापतात म्हणून लोक गप्प बसलेत.

जाताना इंजिनिअरला एवढंच विचारा, धोका आहे म्हणून काम शेवटचं कोणी थांबवलं आणि पुढे त्याचं काय झालं. नाव सांगता आलं नाही तर रिपोर्टमध्ये तेच सगळ्यात वर लिहा, तपासणीत साईटला मार्क कितीही पडलेले असोत.