जंगलाच्या गेटावरचे फलक : मृगाआधीची तयारी

नवा फलक रंगवायला टाकण्याआधी जुने कोणते उतरवायचे ते ठरवा. फाट्यावरून गेटापर्यंत गाडी सावकाश आणा आणि प्रत्येक पाटी वहीत टिपा: कोणती फिकी पडली, कोणती वाकली, कोणावर मागच्या हंगामाची वेळ अजून तशीच आहे. एका खांबावर सहा पाट्या असल्या की पर्यटक एकही वाचत नाही. मग तिकीट खिडकीवरच्या माणसाला चार दिवस एक काम द्या: लोक जे विचारतील त्यापुढे रेघ मारायची. गाडी कुठं लावू, ओळखपत्राची झेरॉक्स चालते का, संडास कुठं आहे. जिथं सर्वांत जास्त रेघा, तो फलक आधी. वाघाचं चित्र आणि ‘आपले स्वागत आहे’ शेवटी. आपल्याकडे नेमकं तेच पहिलं होतं.

जागा ठरवताना ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला आठ मीटर पुढं जाते, हे धरा. वाचायला आणि वळायला पाच सेकंद द्यायचे तर बाण वळणावर नको, ४०-५० मीटर अलीकडं हवा. नाहीतर गाडी पुढच्या पांदणीत शिरते आणि मागं घेताना धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चढते. अक्षर किती मोठं? तीन मीटर अंतराला २५ मिलिमीटर उंची, हा सोपा हिशोब. तीस मीटरवरून वाचायचं असेल तर २५० मिलिमीटर, म्हणजे दोन-तीन शब्दांपलीकडं जागाच उरत नाही. ही उंची शिरोरेषेपासून खाली मोजा. वेलांटी, रफार, उकार यांना वर-खाली मोकळी जागा सोडा. रंगारी ओळी दाबून बसवतो आणि ‘र्ग’चा रफार वरच्या ओळीत घुसतो. रंगवण्याआधी कागदावर खऱ्या मापात छापून जागेवर चिकटवा नि लांबून वाचून बघा.

मजकूर मराठीत आधी, मग हिंदी, इंग्रजी, मेळघाटात कोरकू. बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे वेळ, शुल्क, सुटी, वेगळ्या पट्टीवर दोन बोल्टांनी लावा. ताडोब्याचा गाभा (कोअर भाग) मंगळवारी बंद असतो आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटनासाठी बंद राहतो. ही सूचना गेटावर नव्हे, फाट्यावरच हवी. क्यूआर कोड लावा, पण रेंज नसलेल्या गेटावर त्याच्या भरवशावर काही सोडू नका. मनाई फक्त लाल अक्षरात नको, कारण उन्हात लाल रंग सर्वांत आधी उडतो. गडद हिरव्यावर पांढरं टिकतं. चकचकीत लॅमिनेशन टाळा, सकाळच्या तिरप्या उन्हात त्याचा आरसा होतो. पहाटेच्या फेरीसाठी रस्त्यावरच्या फलकाला परावर्तक पत्रा लागतो. पायी येणाऱ्याला मात्र दिवाच हवा.

खरी फसगत खड्ड्यात होते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि दोन पावसाळ्यांत खांब कलतो. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत खणा. खांबाला खाली आडवा लोखंडी तुकडा वेल्ड करा, नाहीतर वाऱ्याने तो जागच्या जागी फिरतो. १:२:४ काँक्रीट भरा, वरचा भाग जमिनीच्या थोडा वर आणि उतरता ठेवा, सात दिवस पाणी मारा. खणलेली माती खांबाच्या बाजूला परत टाकू नका, मुरूम कुटा. हे सगळं मृग लागायच्या आत, कारण नंतर सिमेंटची गाडी रुतते. झाडाला खिळा ठोकून पाटी लावण्याचा विचारही नको.

खांबाच्या पाइपचं वरचं तोंड झाकणाने बंद करा. उघडं राहिलं तर पाणी साचतं आणि लहान पक्षी आत अडकून मरतात. आठ फुटी ॲल्युमिनियमचा पत्रा पहाट ते दुपार दोन मिलिमीटरच्या आसपास लांबतो, म्हणून बोल्टाची भोकं लांबट पाडा, नाहीतर मधे फुगा येतो. वानरं वर बसतातच, त्यामुळे मागं आडवा अँगल घ्या. परवानगी विसरू नका: रस्त्याकडेची बांधकाम विभागाकडून किंवा जिल्हा परिषदेकडून, आतली वनविभागाकडून.

पत्रे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चढवा. तोवर तरोटा (टाकळा) कमरेएवढा झालेला असतो; फलकापुढचा तीन मीटर कापून घ्या. चढवण्याआधी चौकटीमागं काठीने ठोकून बघा, गांधीलमाश्यांचं पोळं असतं.