चाळिशीनंतर कपाळावरच्या आठ्या : काय करायचं, ते कसं ठरवावं

गेल्या वर्षीची गोष्ट. आठवीच्या वर्गात वह्या तपासत बसले होते. पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच विचारलं, “बाई, आमचं काही चुकलं का?” काहीच चुकलं नव्हतं. तिची त्रिकोणाची आकृती तर फार सुबक होती. मी नुसती वाचत होते. घरी येऊन आरशात पाहिलं, तर भुवयांच्या मध्ये दोन उभ्या चिरा आणि वर तीन आडव्या रेषा. आपल्या भाषेत कपाळावरच्या सुरकुतीला आणि नाराजीला शब्द एकच, आठ्या. म्हणून चाळिशी-पन्नाशीत आलेल्या माणसाला दिवसभर कुणी ना कुणी विचारत राहतं, “काय झालं? रागावलात का?”

मी ४९ वर्षांची आहे, पुण्यात सहकारनगरला राहते, गणित शिकवते. डॉक्टर नाही. पण त्या दिवसानंतर वर्षभर हा विषय नीट समजून घेतला, तीन डॉक्टरांकडे गेले, आणि एक गोष्ट पक्की कळली. आठ्यांवर काय लावायचं हा प्रश्न नंतरचा. कपाळ इतकी मेहनत कशासाठी करतंय, हे आधी शोधायचं. ज्या क्रमाने हे करायला हवं होतं, त्या क्रमाने खाली लिहिते. मी स्वतः उलट्या क्रमाने गेले, आणि पैसे व वेळ दोन्ही घालवले.

१. खिडकीशी बसून तीन फोटो काढा

सकाळी नऊच्या सुमारास खिडकीच्या उजेडात बसा. ट्यूबलाइट नको, फोनमधली चेहरा गुळगुळीत करणारी सोय बंद. एक फोटो चेहरा सैल सोडून, दुसरा भुवया वर उचलून, तिसरा भुवया आवळून. फोटोंवर तारीख राहू द्या, पुढे लागणार आहे.

आता पाहा. भुवया उचलणारा स्नायू कपाळात उभा असतो. खिडकीचा पडदा दोरीने वर ओढला की कापडाला आडव्या चुण्या पडतात, तसं तो आखडला की कातडीला आडव्या घड्या पडतात. भुवयांच्या मधल्या उभ्या रेषा वेगळ्या स्नायूंच्या. ते भुवया एकमेकींकडे आणि खाली ओढतात. चेहरा सैल असताना रेषा नाहीशी होत असेल, तर ती अजून फक्त हालचालीची रेषा आहे. सैल चेहऱ्यावरही दिसत असेल, तर घडी कातडीत बसलेली आहे, इस्त्री करताना चुकून मोडलेल्या कापडासारखी. पहिल्या प्रकारात बराच फरक पडतो, दुसऱ्यात हळू आणि अर्धवट. हे आधी ओळखलं की पुढे कुणी “सगळं गायब करू” म्हणालं तर त्यावर विश्वास बसत नाही.

एक गोष्ट मात्र यात बसत नाही. एका बाजूच्या आठ्या अचानक पडेनाशा झाल्या, किंवा तोंडाची एक बाजू एकदम खाली ओघळली, बोलणं अडखळलं, हात उचलेनासा झाला, तर फोटो काढत बसू नका. १०८ला फोन करा आणि तातडीने रुग्णालय गाठा. चेहऱ्याची खालची बाजू वाकडी झाली पण कपाळ नीट हलतंय, म्हणून निर्धास्त होणारे लोक मी पाहिले आहेत. अर्धांगवायूमध्ये नेमकं हेच होऊ शकतं.

२. त्वचेच्या डॉक्टरांआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा

ही पायरी जवळपास कुणीच सांगत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. जवळचं वाचायच्या चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो, ते उगाच नाही. त्या वयात डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळचं धूसर दिसू लागतं, आणि मग माणूस भुवया आवळून किंवा उंचावून वाचायचा प्रयत्न करतो. मी चाळिशी तीन वर्षं टाळली. ‘अजून दिसतंय की’ म्हणत वह्या हातभर लांब धरल्या. वर्षातले दोनशेच्या वर दिवस, रोज चाळीस वह्या, प्रत्येक वहीला दोन्ही भुवया आवळून. त्या उभ्या चिरा मीच घडवल्या होत्या. नंबर तपासून चष्मा घेतला, टेबलावर चांगला दिवा आणला, आणि महिन्याभरात कपाळाचा ताण उतरल्याचं मलाच जाणवलं. संध्याकाळची डोकेदुखीही कमी झाली.

दुसरं म्हणजे पापण्या. वयाबरोबर वरच्या पापणीची कातडी सैल होऊन खाली येते, किंवा पापणी उचलणारा स्नायूच ढिला पडतो. तेव्हा डोळा उघडा ठेवायला कपाळ भुवयांना सतत वर धरून ठेवतं. हे आपल्या नकळत होतं. घरी तपासायला सोपं आहे : डोळे मिटा, कपाळ पूर्ण सैल होऊ द्या, दोन्ही भुवयांवर बोटांनी अलगद दाब ठेवून त्या वर जाणार नाहीत असं बघा, आणि मग डोळे उघडा. पापणी बुबुळावर उतरून वरचं दृश्य झाकत असेल, तर तुमच्या आडव्या आठ्या कामाच्या आहेत. त्या स्नायूला बोटॉक्सच्या सुईने झोपवलं तर भुवया खाली येतील आणि डोळे जड होतील. पापणी खूपच खाली असेल, किंवा दिवस सरत जाईल तशी जास्त उतरत असेल, तर त्याची स्वतंत्र तपासणी हवी.

३. ऊन थांबवा

पुण्याचं ऊन कोरडं असतं, घाम लगेच वाळतो, म्हणून ते किती लागतंय हे कळत नाही. मेच्या मध्यावर एक दिवस इथे दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावलीच पडत नाही, सूर्य थेट डोक्यावर येतो. जुलैअखेर पुन्हा तसंच, फक्त तेव्हा ढग असतात. कपाळ हा चेहऱ्याचा पुढे आलेला भाग, त्याला हे सगळं पहिल्यांदा झेलावं लागतं. कातडीला ताण देऊन धरणारं कोलॅजन तोडणारे अ-प्रकारचे अतिनील किरण साध्या काचेतूनही आत येतात. त्यामुळे वर्गातली खिडकीजवळची खुर्ची आणि गाडीची बाजूची काच, दोन्ही मोजायच्या.

ऑस्ट्रेलियात ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षं एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३मध्ये छापून आले. रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्या गटात त्वचेचं वार्धक्य दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्के कमी दिसलं. एवढा सरळ पुरावा असलेली दुसरी स्वस्त गोष्ट मला सापडली नाही.

एसपीएफ ३० किंवा ५०, आणि डबीवर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ किंवा ‘पीए’पुढे तीन-चार अधिक चिन्हं (+) पाहून घ्या, कारण एसपीएफचा आकडा मुख्यतः ब-प्रकारच्या किरणांबद्दल सांगतो, या खुणा अ-प्रकारच्या. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापर्यंत एकेक पट्टी, एवढं चेहरा आणि मानेला. आपण याच्या निम्मंही लावत नाही. बाहेर असाल तर दोन तासांनी पुन्हा. कपाळावरचं सनस्क्रीन घामाबरोबर डोळ्यांत उतरून झोंबतं, ही तक्रार सगळ्यांची. तिथे झिंक ऑक्साइडचं जाडसर सनस्क्रीन किंवा स्टिक वापरा. चेहऱ्यावर वांग असतील तर रंगीत सनस्क्रीन घ्या, त्यातलं आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही अडवतं. पुण्यातल्या मुलींचा दुचाकीवरचा स्कार्फ चांगलाच, फक्त कापड घट्ट विणीचं हवं. पर्वती किंवा तळजईला जाणाऱ्यांनी सूर्य वर येण्याआधी उतरावं, आणि टोपीची झालर कपाळावर सावली पडेल एवढी रुंद असावी.

तंबाखू आणि सिगारेटबद्दल वेगळं लिहायला नको. दोन्ही सोडाच.

४. रात्रीचं औषध

सुरकुत्यांवर लावायच्या औषधांत सर्वांत जुना आणि भक्कम पुरावा ट्रेटिनॉइनचा आहे. ते अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे, आणि ते तसंच घ्यावं. कॉस्मेटिकमध्ये मिळणारं रेटिनॉल त्याच्यापेक्षा सौम्य, नाजूक त्वचेने तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

पद्धत मात्र नीट पाळा. फक्त रात्री. चेहरा धुऊन पूर्ण वाळू द्या. आधी साधं मॉइश्चरायझर, मग मटारच्या दाण्याएवढं औषध सबंध चेहऱ्याला, डोळे, नाकपुड्या आणि ओठांचे कोपरे सोडून. पहिला महिना आठवड्यातून दोनदाच. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेचं एक वैशिष्ट्य आहे : ती भाजली, खाजली, सोलली की काळे डाग धरते आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. म्हणून घाई केली तर आठ्या जाण्याऐवजी डाग यायचे. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल, तर हे औषध नाही. पाळी अनियमित झाली म्हणजे ती शक्यता संपली असं नसतं.

पाळी थांबल्यावरच्या पहिल्या पाच वर्षांत स्त्रीच्या त्वचेतलं कोलॅजन साधारण ३० टक्क्यांनी घटतं. ‘एकदम दोन वर्षांत म्हातारी दिसायला लागले’ असं माझी जाऊ म्हणाली, तेव्हा आम्ही तिची समजूत काढली. ती बरोबर होती.

इथेच एक कळकळीची विनंती. मेडिकलमधून ‘चेहऱ्यासाठी काहीतरी द्या’ म्हणून क्रीम घेऊ नका. गोरेपणाच्या नावाखाली स्टेरॉइड असलेली क्रीम सर्रास वापरली जातात. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर दिसली तर ठेवून द्या. महिनोन्‌महिने लावल्यावर कातडी पातळ होते, लाल होते, शिरा दिसू लागतात. लिंबाचा रसही कपाळाला नको. तो लावून उन्हात गेलं तर चट्टे उठतात. आणि भुवया वरखाली करण्याचे व्यायाम तर ज्या घड्या घालवायच्या, त्याच घालत राहतात.

५. सुई : घ्यायची की नाही

आपण ज्याला बोटॉक्स म्हणतो ते एका कंपनीने आपल्या औषधाला दिलेलं नाव. औषध म्हणजे बोटुलिनम टॉक्सिन. कॅनडातल्या डोळ्यांच्या डॉक्टर जीन कॅरुदर्स पापण्यांच्या आकडीवर ते वापरत होत्या. रुग्णांच्या भुवयांमधल्या रेषा सपाट होताना दिसल्या आणि तिथून हा उपयोग सुरू झाला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२मध्ये भुवयांमधल्या रेषांसाठी, आणि २०१७मध्ये कपाळाच्या आडव्या रेषांसाठी त्याला मान्यता दिली. परिणाम तीन-चार दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो, आणि साधारण तीन-चार महिन्यांत ओसरतो. म्हणजे ठरवताना एका सुईचा नाही, वर्षाच्या तीन फेऱ्यांचा खर्च मांडायचा.

माझा पहिला अनुभव वाईट होता. एका क्लिनिकमध्ये डॉक्टर भेटण्याआधीच सल्लागार म्हणून बसलेल्या मुलीने सहा फेऱ्यांचं पॅकेज पुढे केलं, “मॅडम, आज भरलेत तर सूट.” माझ्या पापण्यांकडे कुणी पाहिलंही नाही. मी हजार रुपये आगाऊ भरून आले, ते परत मिळाले नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी डोळे मिटायला लावले, भुवयांवर बोटं ठेवली, आणि स्पष्ट सांगितलं : “आडव्या रेषांना हात लावू नका, तुमच्या पापण्या त्यावर टेकल्यात. उभ्यांचं करता येईल.” असे डॉक्टर शोधा. त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा पदविका, नाहीतर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच पाहा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागायला संकोच नको. खासगीत पैसे घालायच्या आधी नुसता सल्ला हवा असेल, तर ससूनच्या त्वचारोग विभागाची ओपीडी आहे.

विचारायचं ते असं : कुठल्या कंपनीचं, किती युनिट, प्रत्येक युनिटचा दर काय, कुपी माझ्यासमोर उघडाल का, सुई कोण देणार, दोन आठवड्यांनी बघाल का. वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटं सारखी नसतात, त्यामुळे ‘तिथे वीस, इथे पन्नास’ अशी तुलना चुकते. सुईनंतर थोडं डोकं दुखणं, बारीक निळा डाग हे होतं. क्वचित पापणी उतरते, ती काही आठवड्यांत वर येते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसंच मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असलेल्यांनी घेऊ नये. त्या दिवशी चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही, आणि टिकली सुईच्या जागेवर लावायची नाही.

फिलरबद्दल, म्हणजे रेष भरून काढायला कातडीखाली सुईने घालतात त्या जेलबद्दल, मी ठाम आहे. भुवयांच्या मध्ये फिलर भरून घेऊ नका. तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिनीशी जोडलेल्या असतात. औषध चुकून त्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. असं क्वचितच होतं, पण एका रेषेसाठी डोळा पणाला लावावा असं मला वाटत नाही.

घरात लग्न असेल तर हिशेब उलटा मांडा. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात. सुई पहिल्यांदाच घेणार असाल तर निदान महिनाभर आधी घ्या, म्हणजे काही कमीजास्त झालं तर निस्तरायला वेळ राहील. ट्रेटिनॉइन तर पावसाळ्यातच सुरू करा. हळदीच्या दिवशी सोललेला चेहरा कुणालाच नको असतो.

६. मी काय ठरवलं

चष्मा, सनस्क्रीन, रात्रीचं औषध हे सहा महिने केलं. मग पुन्हा तीन फोटो काढले. आडव्या रेषा थोड्या हलक्या झाल्या होत्या, त्या तशाच ठेवल्या. उभ्या दोन मात्र वर्गात माझ्याविषयी खोटं सांगत होत्या. मुलं प्रश्न विचारायला बिचकत होती, आणि गणिताच्या बाईंना ते परवडत नाही. त्या दोघींसाठी सुई घेतली. माझी नणंद ५२ वर्षांची आहे, तिने काहीच करायचं नाही असं ठरवलं. तिच्या आईचं कपाळ अगदी असंच होतं, आणि आरशात ते दिसलं की तिला बरं वाटतं. तिच्या निर्णयात मला काहीही उणं दिसत नाही.

माझा परिणाम सव्वातीन महिन्यांनी उतरला. दुसरी फेरी अजून घेतलेली नाही. चष्मा लावल्यापासून भुवया आवळायची सवयच मोडत चालली आहे का, ते आधी बघायचंय. पुढचे तीन फोटो दिवाळीच्या सुट्टीत काढेन, त्याच खिडकीशी, सकाळी नऊला.