हिवाळी फुलझाडं फुलत नाहीत? नाशिककरांनो, या चुका टाळा

निफाडचा पारा पाचच्या खाली उतरल्याची बातमी आली की गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत गच्च्यांवरच्या कुंड्यांना गोणपाटं गुंडाळली जातात. पिटुनिया, पॅन्सी, डायन्थस, कॅलेंडुला यांना त्याची गरज नसते. ही झाडं थंडीचीच. गोणपाट राखून ठेवायचं ते अडेनियमसाठी (जाड बुंध्याचा वाळवंटी गुलाब), आणि त्याचं पाणीही जवळपास बंद करायचं. हिवाळी झाडं बिघडतात ती वेगळ्याच कारणांनी.

पहिला घोळ जागेचा. सप्टेंबरात जिथे छान ऊन येतं, तिथे कुंड्या मांडल्या जातात. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो. नाशिकला ऐन दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४६ अंशांवर असतो. समोरच्या इमारतीची सावली लांबते, उत्तरेच्या बाल्कनीत तर ऊन शिरतच नाही. पिटुनियाच्या दांड्या लांबट, पानं विरळ आणि कळ्या नाहीत असं दिसलं, तर खत घालू नका, कुंडी हलवा. दिवसाला किमान ५ तास थेट ऊन हवं.

रोपवाटिकेतून आणलेलं रोप आठवड्यात माना टाकतं, त्याला दोष बहुतेक वेळा मुळांभोवतीच्या लाल चिकणमातीच्या गोळ्याचा असतो. पिशवी फाडून गोळा तसाच कुंडीत बसवला की वरून दिलेलं पाणी भोवतालच्या भुसभुशीत मातीतून निघून जातं, गोळा आतून कोरडाच. वरची माती ओली दिसते, म्हणून रोप का सुकतंय ते कळत नाही. लावण्याआधी गोळा बादलीभर पाण्यात १० मिनिटं बुडवा, बाहेरची माती बोटांनी हलकेच सोडवा, मुळं तोडू नका. कुंडीत नुसती काळी माती नको. ती वाळली की भेगाळते आणि पाणी कडेने भसकन खाली जातं. २ भाग लाल माती, १ भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, १ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि १० इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड एवढं पुरतं.

शेवंतीची तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते: झाड हिरवंगार, कळी नाही. रात्र मोठी झाली की शेवंतीला कळ्या धरतात. रस्त्यावरचा दिवा किंवा बाल्कनीतला रात्रभर चालू राहणारा बल्ब झाडावर पडला, तर तिच्या लेखी रात्र झालेलीच नसते. नीट पाहिलं तर एकाच झाडाची भिंतीकडची बाजू कळ्यांनी भरलेली आणि दिव्याकडची नुसती पालेदार अशी दिसते. पॉइन्सेटियाचंही तेच. त्याला ऑक्टोबरपासून सुमारे ८ आठवडे रोज १४ तास गच्च अंधार द्या. संध्याकाळी ६ ते सकाळी ८ खोकं पालथं घातलं तरी चालतं. शेवंतीची दुसरी चूक म्हणजे उशिरा शेंडे खुडणं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर शेंड्याला हात लावू नका, नाहीतर कळ्याच खुडल्या जातात. बहर संपल्यावर झाड फेकू नका; ४ इंचांवर छाटा, बुडातून काश्या (नवे कोंब) फुटतील, पुढची लागवड त्यांचीच.

संध्याकाळी पाणी घालायची सवय उन्हाळ्यात ठीक, हिवाळ्यात नाही. रात्रभर गार, ओल्या मातीत मुळं कुजतात, पाकळ्यांवर तपकिरी डाग पडतात. सकाळी ९ नंतर, मातीत इंचभर बोट घालून कोरडं लागलं तरच पाणी द्या.

पानांवर पिठासारखी पांढरी पूड दिसली तर ती भुरी. द्राक्षाच्या गावात हा शब्द कुणाला समजवायला नको. मात्र तिला पान ओलं असावं लागतं हा गैरसमज आहे. दाटी, सावली, दिवसा ऊब आणि रात्री गारवा एवढं तिला पुरतं. रोगट पानं काढा, कुंड्या वीतभर अंतरावर ठेवा, पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम फवारा. आधीच्या १५ दिवसांत निंबोळी तेल मारलेलं असेल तर गंधक टाळा, पानं करपतात. कोवळ्या शेंड्यावर मावा असेल तर आधी पाण्याचा जोरदार फवारा. नाही गेला तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रवसाबण, तेही ऊन उतरल्यावर.

गुलाबाची छाटणी दिवाळीनंतर सवडीने केली की फुलंही उशिरा. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की गुलाबाला कात्री लावा. साधारण दीड महिन्यात पहिला बहर येतो. जास्वंद आणि मोगरा मंदावले म्हणून त्यांच्यावर युरिया मारू नका. थंडीत ते सुस्तावतातच. युरियाने पिटुनियालाही पालाच सुटतो.

कॅलेंडुला, पॅन्सीची सुकलेली फुलं देठासकट, पहिल्या पानाच्या वर खुडत राहा. बी धरलं की फुलं थांबतात. पिटुनिया जानेवारीच्या मध्यावर निम्म्यावर कापा, तीन-चार आठवड्यांत पुन्हा भरून येतो. पॅन्सी मात्र फेब्रुवारीअखेर उन्हाने जातेच. तिच्या कुंडीत तेव्हा झिनियाचं बी टाका.