गळतंय म्हणून वरून थर टाकताय? छत तपासून घेताना या चुका टाळा

मे महिना आला की मराठवाड्यात घरोघरी तेच बोलणं सुरू होतं: "औंदा पावसाच्या आधी स्लॅबचं बघायचंय." बघायचं म्हणजे काय, तर मिस्त्रीला बोलवायचं. तो गच्चीवर एक चक्कर मारतो, "कोबा करावा लागंल" (म्हणजे गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) म्हणतो आणि चहा संपेपर्यंत भाव ठरतो. छत का गळतंय आणि वर आधीच किती वजन आहे, हे दोन प्रश्न कुणी विचारतच नाही.

वजनाचा हिशेब न करणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि आपल्या भागाला ती नवी नाही. माळवदाच्या, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत असलेल्या घरांवर दरवर्षी पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा थर टाकायची पद्धत होती. जुना थर कुणी काढत नसे, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या माती चढत गेली. एक इंच मातीचं वजन चौरस मीटरला चाळीस किलोच्या पुढे जातं. दोन फूट माती म्हणजे तेवढ्याच जागेवर टनभर ओझं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) जिल्ह्यांत मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि हीच माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली.

आता माळवदाच्या जागी स्लॅब आला, पण खोड तीच राहिली. जुन्या कोब्यावर नवा कोबा, त्यावर चायना चिप्स (फरशीचे चिनीमातीचे तुकडे), त्यावर पुन्हा प्लास्टर. चार इंची विटांच्या तुकड्यांचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतो. तपासणीला आलेल्या माणसाला पहिलं हेच विचारा, की वर एकूण किती इंचांचे थर आहेत. सांगता येत नसेल तर कोपऱ्यात छोटा खड्डा घेऊन मोजायला लावा. नवा कोबा करायचाच असेल तर जुना फोडून खाली उतरवावा. मजुरी वाढते, मिस्त्री कुरकुरतो. कुरकुरू द्या.

पाण्याच्या टाक्यांचंही तेच. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात गच्चीवर दोन-तीन टाक्या असणारच, त्याला इलाज नाही. पण हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन, आणि तो टन जेमतेम चौरस मीटरभर जागेवर बसतो. वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानकात वरचा भार चौरस मीटरला साधारण १५० किलोच धरलेला आहे. म्हणून टाकी स्लॅबच्या मधोमध ठेवू नये. बीम-कॉलमवर टेकेल असा ओटा करून त्यावर ठेवावी, आणि बीम कुठून गेलाय हे इंजिनिअरकडून दाखवून घ्यावं.

फक्त वरून बघणे

स्लॅबचं खरं दुखणं खालच्या बाजूला दिसतं. पोपडे सुटलेत का, सळईच्या रेषेत तडा आहे का, गंजाचे तांबूस डाग आहेत का? हातोडीने हलकं ठोकून बघा. बद्द आवाज आला तर तिथलं काँक्रीट सुटलेलं आहे. गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून देते. त्यावर नुसतं प्लास्टर मारलं तर आत गंज चालूच राहतो. सळई घासून साफ करून, गंजरोधक लावून मगच ती जागा भरायची असते. सळया उघड्या पडल्या असतील तर काम मिस्त्रीच्या हातचं राहत नाही, तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच लागतो.

तपासणीच्या आधी रंग मात्र मारू नका. पाहुण्यांना डाग दिसू नयेत हे ठीक, पण इंजिनिअरला ते दिसायलाच हवेत. पीओपीचं सीलिंग असेल तर एखादा तुकडा काढून आत बघायला सांगा.

डाग तिथेच भोक, असं समजणे

पाणी स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाईपातून फिरतं आणि भलतीकडेच, बहुतेकदा पंख्याच्या बॉक्समधून, टपकतं. असं झालं तर आधी घराचा मेन स्विच बंद करा.

गळती कधी होते याची नोंद ठेवा. भर एप्रिलमध्ये ओल दिसत असेल तर पावसाला दोष देऊन उपयोग नाही. नळाला पाणी येतं त्याच दिवशी डाग वाढत असेल तर टाकीचा ओव्हरफ्लो किंवा पाईपचा जोड तपासा. फक्त पावसातच गळत असेल तर आधी कठडा आणि स्लॅब यांच्यातला सांधा बघा. आपल्याकडचं ऊन स्लॅबला दिवसा ताणतं, रात्री आखडतं, आणि भेग पडते ती बहुधा तिथेच. मग उतार: दहा फुटांना निदान एक इंच हवा. पन्हाळीची जाळी पाल्याने तुंबली असेल तर महागडं केमिकलही वाया जातं.

पत्र्याच्या घरात हुकबोल्ट आणि त्यांचे रबरी वॉशर तपासा, उन्हात वॉशर कडक होऊन चिरतात. पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवू नका. वळवाच्या वाऱ्यात दगडासकट पत्रा खाली येतो.

फुकट तपासणीवर विसंबणे

केमिकल विकणाऱ्याची तपासणी फुकट असते, कारण उत्तर आधीच ठरलेलं असतं. फी देऊन स्वतंत्र सिव्हिल इंजिनिअर आणा, आणि फोटोंसह लेखी अहवाल मागा. सोलर बसवायचं असेल तर ही तपासणी त्याआधीच उरका, कारण पॅनलच्या पायांसाठी पाडलेली भोकं वॉटरप्रूफिंगमधूनच जातात.

दुरुस्ती झाली की पन्हाळीचं तोंड बंद करून गच्चीवर दीड-दोन इंच पाणी ४८ तास साठवून बघतात. सळया उघड्या असलेल्या कमकुवत स्लॅबवर मात्र हे करू नये. पाण्याच्या टंचाईत लोक ही चाचणी टाळतात. मग काम ठरवताना निदान शेवटचा हप्ता पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर देण्याचं लिहून घ्या.