गोरखचिंच लावताय? या चुका टाळा

दरवर्षी संक्रांतीच्या आसपास मला तोच फोन येतो. "ताई, तुम्ही दिलेलं गोरखचिंचेचं रोप गेलं बहुतेक. सगळी पानं झडली." मी विचारते, पाणी किती घालताय? "रोजच घालत होतो. वाळायला लागलं तसं दुप्पट केलं." हे ऐकलं की पोटात खड्डा पडतो. पानं झडली तेव्हा ते रोप ठणठणीत होतं. आता ते खरंच मेलं असेल, तर त्यानंतर घातलेल्या पाण्याने.

गोरखचिंच आपल्याकडे इतकी जुनी आहे की ती बाहेरून आली हे पटत नाही. वसईच्या किल्ल्यात आहे, राणीच्या बागेत आहे, विजापुरात आणि मांडूतही आहे. गोरखनाथांनी शिष्यांना हिच्या सावलीत शिकवलं अशी आख्यायिका आहे, त्यावरून हे नाव पडलं. पण हिचं मूळ घर आफ्रिका. सेनेगलपासून सुदानपर्यंत आणि खाली झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिकेतल्या लिंपोपो प्रांतापर्यंत ही झाडं आहेत. स्वाहिलीत हिला म्बुयू म्हणतात, नायजेरियाच्या हौसा भाषेत कुका, बाकी जगात बाओबाब. मिशेल अदांसाँ या फ्रेंच अभ्यासकाने १७४९ मध्ये सेनेगलमध्ये हे झाड पाहिलं, त्याच्याच नावावरून अ‍ॅडन्सोनिया हे शास्त्रीय नाव आलं. आपली रोजची चिंचही मूळची आफ्रिकेचीच, पण दोघींचं कूळ वेगळं. गोरखचिंच भेंडी, कापूस, सावर यांच्या कुळातली.

ही ओळख सांगायचं कारण एवढंच, की हे झाड जिथे घडलं तिथे तीन-चार महिने पाऊस आणि उरलेलं वर्ष कोरडं. पावसात पिऊन घ्यायचं, मग पानं टाकून झोपायचं. आपण आंबा-पेरूच्या सवयीने तिला वागवतो आणि बहुतेक चुका तिथूनच होतात.

बी नुसतं मातीत खोचणं

फळ फोडलं की खडूसारखा कोरडा, पांढरट गर निघतो आणि त्यात धाग्यांनी गुंतलेल्या गडद तपकिरी बिया. आकार काजूचा, पण करंगळीच्या नखाएवढा. कवच इतकं टणक की पाणी आत शिरत नाही. आफ्रिकेत हत्ती आणि बबून फळं खातात, त्यांच्या पोटातून जाताना कवच मऊ पडतं. आपण तशीच पेरली तर शंभरातल्या वीससुद्धा उगवत नाहीत. मग लोक म्हणतात, बी जुनं होतं. बी जुनं असण्याने फारसं बिघडत नाही, कवच बंद असण्याने बिघडतं.

बिया रात्रभर भिजवून आधी गर चोळून काढा. गर राहिला की त्यावर बुरशी येते. मग बी हातात घेऊन नीट बघा. आतल्या बाजूला एक खाच दिसेल. तिथून मूळ बाहेर येतं, तिकडे हात लावायचा नाही. त्याच्या उलट, फुगीर पाठीवर नेलकटरने एक छोटा टवका काढा किंवा पॉलिश पेपरवर घासा. कवचाखालचा फिकट भाग जेमतेम दिसला की थांबा. कोमट पाण्यात टाकलं की दुसऱ्या दिवशी बी फुगून जवळपास दुप्पट झालेलं असतं. जे फुगलं नाही ते फेकू नका, परत घासा.

बिया खूप असतील तर उकळी आलेलं पाणी चुलीवरून उतरवून त्यांच्यावर ओता आणि तसंच गार होऊ द्या, २४ तास. बियांसकट पाणी चुलीवर उकळत ठेवायचं नाही. एकाने अगदी श्रद्धेने दहा मिनिटं उकळल्या होत्या. मोठ्या रोपवाटिका तीव्र आम्लात बुडवतात, ते घरात करू नये.

पेरणी एप्रिलअखेर ते जूनमध्ये. डिसेंबरच्या थंडीत पेरलेलं बी मातीत गारठून कुजतं. एक-दीड सेंटिमीटर खोल पुरे. उघडलेलं बी दहा दिवस ते तीन आठवड्यांत वर येतं.

पहिली पानं बघून उपटून टाकणं

मोठ्या झाडाचं पान हाताच्या पंजासारखं, पाच-सात बोटांचं. सगळे तेच शोधत असतात. पण रोपाची सुरुवातीची पानं साधी, एकेकटी, लांबट असतात. पंजा बऱ्याच उशिरा दिसू लागतो. "भलतंच काहीतरी उगवलं" म्हणून किती रोपं निंदली गेली असतील कोण जाणे.

उलट प्रकारही होतो. पंजासारखं पान दाखवून सावरीचं रोप गोरखचिंच म्हणून विकलं जातं. रोपाच्या खोडावर काटे असतील तर ती सावर. गोरखचिंचेला काटे नसतात, आणि खोड बुडाशी लवकरच जाड होऊ लागतं.

छोट्या पिशवीत वर्ष काढणं

या झाडाचं बालपण जमिनीखाली जातं. वर वीतभर काडी दिसते, तेव्हा खाली मुळ्यासारखं गुबगुबीत सोटमूळ तयार झालेलं असतं. पश्चिम आफ्रिकेत कोवळ्या रोपांची ही मुळं खातातसुद्धा. नेहमीच्या आखूड पिशवीत ते तळाला टेकतं आणि गोल फिरतं. पुढे जमिनीत लावलं तरी तो पीळ सुटत नाही.

लांब पिशवी घ्या, फुटाहून खोल, आणि पहिल्याच पावसाळ्यात, तीन-चार महिन्यांचं रोप जमिनीत लावा. पिशवी ओढून काढायची नाही, ब्लेडने चिरायची. सोटमुळाला जखम झालीच तर रोप लगेच लावू नका. सावलीत चार-पाच दिवस ठेवून जखम सुकू द्या आणि मगच कोरड्या मातीत बसवा.

झोपलेल्या झाडाला पाणी पाजणं

नोव्हेंबर सरला की पानं पिवळी पडतात आणि डिसेंबर-जानेवारीत झाड बोडकं होतं. मे-जूनपर्यंत तसंच. पान नाही म्हणजे पाणी ओढणारं कोणी नाही. मुळाशी घातलेलं पाणी तिथेच राहतं, माती गार असते, आणि साठवणीचं मऊ मूळ नासायला लागतं. बाहेरून काहीच कळत नाही. मे महिन्यात शेजारचं झाड फुटतं, हे फुटत नाही. उचलून बघावं तर हातात येते सालीची पिशवी आणि आत आंबूस वासाचा चोथा. पहिल्या वर्षी माझी सात रोपं अशी गेली. सातही रोपं मला एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांच्या वाडीतून दिली होती, त्यामुळे ती अजून डोळ्यांसमोर आहेत.

रोप जिवंत आहे का, हे बघायला पाणी घालायची गरज नाही. नखाने साल अगदी हलकी खरवडा. वरचा राखाडी पापुद्रा निघाला की खाली हिरवा थर दिसतो. हे झाड सालीतही हिरवेपण राखून असतं, पान नसताना त्यावरच थोडंफार भागवतं. हिरवं दिसलं की निश्चिंत व्हा. मग बुडाशी अंगठ्याने दाबा. घट्ट असेल तर उत्तम. किंचित सुरकुतलं असेल तरी चालेल, पावसात भरून येतं. पिचपिचीत लागलं तर मात्र कूज लागली आहे.

कूज थोडी असेल तर रोप वाचतं. मातीतून काढा, धारदार चाकूने तपकिरी भाग कापत जा, स्वच्छ पांढरं लागेपर्यंत. चाकू दर वेळी पुसा. जखमेवर गंधकाची भुकटी लावा आणि सावलीत, वारा लागेल तिथे आठ-दहा दिवस उघडं ठेवा. मग जाड वाळूत लावा आणि पाण्याची घाई करू नका. उन्हाळ्यात केलेली अशी शस्त्रक्रिया बऱ्याचदा यशस्वी होते, कडक थंडीत क्वचितच.

मग पाणी द्यायचं तरी कधी? जमिनीतल्या रोपाला पानं असताना, पाऊस ओढ देईल तेव्हा. कुंडीतल्या रोपाला पानं असताना माती वरून दोन-तीन बोटं वाळल्यावर भरपूर. पानं पिवळी पडायला लागली की कमी करत जा, झडली की बंद. अगदी पहिल्या हिवाळ्यातल्या इवल्या रोपाला महिन्यातून एखादा पेला, तोही सकाळी, चालतो. नवे कोंब दिसले की हळूहळू सुरू करा. कोंब येण्याआधी, "आता मे आला" म्हणून नव्हे.

जागा

पूर्ण ऊन हवं. सावलीत रोप काडीसारखं उंच होतं आणि वाऱ्याने मोडतं. भारी काळ्या जमिनीत लावायचं असेल तर खड्ड्याऐवजी उंचवटा करा, मुरूम आणि वाळू मिसळा. कोकणात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडूनही जुनी झाडं उभी आहेत, कारण पाणी तिथे उतारावरून आणि जांभ्यातून निघून जातं. पाऊस किती यापेक्षा पाणी किती वेळ थांबतं हे महत्त्वाचं. पहिली काही वर्षं कडाक्याच्या थंडीत रोपाला गोणपाट गुंडाळा.

घरापासून दहा-पंधरा मीटर तरी लांब लावा. लहानपणी खोल जाणारं हे झाड मोठेपणी मुळं आडवी पसरतं, दोन मीटरच्या खाली ती क्वचितच जातात. वर विजेच्या तारा नकोत. हे झाड तुमच्या पणतवंडांना भेटणार आहे, तेव्हा पन्नास वर्षांनी रस्ता कुठून रुंद होईल तेही मनात आणा.

किडींचं थोडक्यात. पिठ्या ढेकूण कोवळ्या शेंड्यावर येतो, पावसाळ्यानंतर पानांवर भुरी, म्हणजे पांढरट बुरशी, दिसते. कपाशीवरचे लाल ढेकूणही इथे जमतात, शेवटी एकाच कुळातली झाडं. निंबोळी अर्क आणि हवा खेळती ठेवणं, एवढ्यावर माझं भागतं.

एकच झाड लावून फळाची वाट बघणं

बियांपासून वाढवलेल्या झाडाला पश्चिम आफ्रिकेत आठ-दहा वर्षांत फूल येतं, आफ्रिकेच्या दक्षिणेत वीस वर्षांहून जास्त लागतात. आपल्याकडे घाई करून उपयोग नाही. लवकर फळ हवं असेल तर फळणाऱ्या झाडाची काडी आणून रोपावर पाचर कलम करा. कलमी झाड चार-पाच वर्षांत फळू शकतं.

पण फूल आलं म्हणजे फळ आलं असं नाही. फूल संध्याकाळी उमलतं. मी एकदा खालून बघत बसले होते. हिरवा जाड कळा टोकाशी फाटला, पाकळ्या-दलं बघता बघता मागे वळली आणि पांढऱ्या सुरकुतलेल्या घागऱ्यातून पुंकेसरांचा झुबका खाली लोंबला. वास उग्र, माणसाला न आवडणारा. तो वटवाघळांसाठी असतो. एका रात्रीचा खेळ, दुसऱ्या दिवशी फूल तपकिरी होऊन गळतं. त्यात स्वतःच्याच परागांनी फळ सहसा धरत नाही, दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. लिंपोपोत कमी फळणाऱ्या झाडाला नर आणि जास्त फळणाऱ्याला मादी म्हणतात, जरी प्रत्येक फुलात दोन्ही अंगं असतात.

म्हणून वेगवेगळ्या मातृवृक्षांच्या बियांची दोन-तीन झाडं लावा. आणि वटवाघळं हाकलू नका. घराजवळ बसतात म्हणून फटाके लावणाऱ्यांनी फळ का धरत नाही असं विचारू नये. एकटंच झाड असेल तर रात्री दुसऱ्या झाडाचा पुंकेसरांचा झुबका आणून पुढे आलेल्या कुक्षीवर, म्हणजे पराग धरणाऱ्या टोकावर, टेकवा.

पानं ओरबाडणं

कोवळी पानं खातात. हौसा लोक वाळलेल्या पानांची पूड घालून कुक्याचं दाट सार करतात. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात, सेगूकडे तर भाजीच्या वाफ्यासारखी दाट पेरणी करून रोपांची पानं खुडतात, मोठं झाड होऊच देत नाहीत. ही पद्धत आपल्याकडे सहज जमेल. पण ज्या झाडाकडून फळ हवं त्याची पानं ओरबाडू नका, ती साठवणीची कमाई आहे. पूड करायची तर सावलीत वाळवा.

जुन्या झाडाला सिमेंटचा पार बांधणं

हे मला सगळ्यात जास्त लागतं. साल सोलली तरी भरून येते, म्हणून लोकांना वाटतं या झाडाला काही होत नाही. होतं. मोठी फांदी तोडली की आतलं लाकूड स्पंजासारखं असल्याने पाणी शिरतं आणि कूज बुंध्यापर्यंत उतरते. बुंध्याला चिकटून सिमेंट ओतलं, भोवती फरशी बसवली, बाजूने चर खणला, की पावसाचं पाणी पिणारी उथळ मुळंच जातात. वर्षभराची शिदोरी त्याच चार महिन्यांत भरायची असते. आफ्रिकेतही अवाढव्य झाडं कोसळली. झिंबाब्वेचं पांके हे सुमारे अडीच हजार वर्षांचं झाड २०११ पर्यंत संपलं, बोट्स्वानाचं चॅपमन २०१६ मध्ये पडलं. २०१८ मध्ये हे मरण मांडणाऱ्या संशोधकांनी बदलत्या हवामानाकडे बोट दाखवलं आहे. आपल्या हातात निदान फरशी न बसवणं आहे. पार हवाच असेल तर बुंध्यापासून चांगला लांब, कोरड्या दगडांचा रचा, मधली माती उघडी ठेवा.

फळ ओलं ठेवणं

फळं हिवाळ्याच्या शेवटी पिकतात. वरची मखमली लव तपकिरी झाली, देठ वाळला, की काढा किंवा पडू द्या. तडकलेलं फळ घेऊ नका, आत बुरशी असते. हातोडीने फोडा, गर कुटून चाळा आणि लगेच हवाबंद बरणीत भरा. पावसाळी हवेत उघडा राहिला तर एका दिवसात त्याचा गोळा होतो. सेनेगलमध्ये याचं बुई नावाचं सरबत करतात, झांझिबारमध्ये गर लागलेल्या बिया साखरेच्या लाल पाकात घोळवून मुलांना देतात. सरबताला गर उकळू नका, त्यातलं क जीवनसत्त्व उकळीने जातं. गार पाण्यात तासभर भिजवा, हाताने कुस्करा, गाळा, गूळ आणि चिमूटभर मीठ घाला.